उघड्यावरच्या अँपसाठी नुसते वॅट पाहू नयेत

बागेत पंधरा-वीस श्रोत्यांपुढे अकूस्टिक गिटार वाजवत गायचे असेल, तर ५ वॅटचा बॅटरीवरचा अँप (आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) पुरेल की थेट ५० वॅटचा घ्यावा, असा प्रश्न अनेकांना पडतो. वॅट दुप्पट झाले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाज मोजण्याचे एकक) वाढतो. उलट उघड्यावर, जिथे आवाज परतवायला भिंतीच नसतात, तिथे श्रोता दुप्पट अंतरावर बसला की सुमारे ६ डेसिबल कमी होतात. त्यामुळे स्पीकर केवढा आहे आणि त्याचे तोंड श्रोत्यांच्या कानांकडे वळले आहे की गवताकडे, याने अधिक फरक पडतो.

रोलंड कंपनीचा क्यूब स्ट्रीट ईएक्स हा अँप याच कामासाठी बनवलेला आहे. त्यात ८ इंची दोन स्पीकर असून माइकची वेगळी सोय आहे, आणि तो ८ एए सेलवर ५०, २५ किंवा १० वॅटने चालवता येतो. अल्कलाइन सेल पूर्ण ताकदीवर सुमारे ५ तास, तर १० वॅटवर सुमारे २० तास टिकतात. बागेसाठी मी मधला टप्पा निवडेन. (चार्ज होणारे सेल घेतल्यास खर्च पुष्कळ वाचतो.) वजन सात किलोंच्या वर भरते, हे बसने जाणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

भारतात सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपक लावण्यासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लेखी परवानगी लागते. ती अँप घेण्याआधीच विचारून ठेवावी.