करोनाने भरती झालेल्या एचआयव्हीबाधितांना धोका नेमका किती?

बालाघाटकर (धारूर)

मी निवृत्त शिक्षक असून, दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांवर जाणाऱ्या आमच्या भागातील कुटुंबांमध्ये थोडेफार काम करतो. त्यांतील काही जण एचआयव्हीबाधित असून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही काबूत ठेवणाऱ्या, गोळ्यांवर आहेत. खोकला लांबला की "मला करोना झाला तर मी दवाखान्यातून परत येईन का?" असे ते आजही विचारतात. याविषयी वाचायला बसलो आणि गोंधळ वाढला. ब्रिटनमधील रुग्णालयांच्या २०२० मधील एका अभ्यासात, भरती झाल्यापासून २८ दिवसांत दगावलेल्यांचे प्रमाण एचआयव्हीबाधितांमध्ये २६.७ टक्के आणि इतरांमध्ये ३२.१ टक्के दिले आहे. निष्कर्ष मात्र बाधितांना धोका जास्त असल्याचा काढला आहे. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा?

फिजिशियन, लातूर

गुरुजी, गोम वयात आहे. त्या अभ्यासातील ४७,५९२ रुग्णांपैकी एचआयव्हीबाधित केवळ १२२ होते आणि त्यांचे मध्यक (वयानुसार रांगेतील मधल्या रुग्णाचे) वय ५६ होते, तर इतरांचे ७४. करोनात वयासारखा दुसरा घातक घटक नाही. त्यामुळे अठरा वर्षांनी तरुण असलेल्या गटात मृत्यू बरेच कमी दिसायला हवे होते, पण ते तितके कमी दिसले नाहीत. वय, लिंग आणि सोबतचे आजार हिशेबात धरल्यावर बाधितांचा धोका सुमारे १.७ पट निघाला, आणि साठीच्या आतील रुग्णांत तर तो आणखी ठळक होता.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ३८ देशांतील सुमारे १ लाख ९७ हजार भरती रुग्णांची माहिती तपासली. त्यांत जवळपास १७ हजार एचआयव्हीबाधित होते आणि त्यांना रुग्णालयात मृत्यू येण्याचा धोका ३८ टक्क्यांनी अधिक आढळला. लोक हा आकडा "शंभरातले अडतीस जातात" असा ऐकतात, म्हणून सांगतो: समजा, सारख्याच वयाच्या आणि सारख्याच प्रकृतीच्या शंभर भरती रुग्णांपैकी वीस दगावत असतील, तर एचआयव्हीबाधितांमध्ये सव्वीस-सत्तावीस दगावतील. धोका खरा आहे, पण एचआयव्ही म्हणजे परतीची वाट बंद, असे मुळीच नाही. शिवाय यातील बहुतेक बाधित आफ्रिकेतील होते आणि हे सर्व आकडे फक्त भरती झालेल्यांचे आहेत. घरीच बऱ्या झालेल्यांविषयी ते काहीच सांगत नाहीत.

आपल्या माणसांच्या दृष्टीने मला महत्त्वाची वाटते ती दक्षिण आफ्रिकेतील रुग्णालयांची माहिती. तेथे ज्यांचे सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) २०० च्या खाली होते किंवा ज्यांचा व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) दबलेला नव्हता, त्यांच्यात मृत्यूची शक्यता स्थिर बाधितांच्या तुलनेत साधारण दुप्पट होती. म्हणून "एचआयव्ही आहे का" यापेक्षा "गोळ्या नियमित चालू आहेत का" हा प्रश्न मी आधी विचारतो.

गोदाकाठ

एप्रिल २०२१ मध्ये माझे एचआयव्हीबाधित मेहुणे करोनाने भरती होते. केसपेपर भरताना "इतर आजार" विचारल्यावर आम्ही फक्त बीपी सांगितले, कारण शेजारच्या खाटेवर गावचाच माणूस होता. गोळ्यांच्या पांढऱ्या डबीवरचे लेबल त्यांनी ब्लेडने खरवडून काढले होते आणि ती वाजू नये म्हणून आत कापूस कोंबला होता. वॉर्डात डबी पिशवीतून बाहेर काढायची सोय नव्हती, त्यामुळे पाच दिवस गोळी चुकली. सहाव्या दिवशी मी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितले. ते रागावले नाहीत. आधीच सांगायला हवे होते, एवढेच म्हणाले. मेहुणे बरे झाले.

एआरटी समुपदेशक

डॉक्टरांना आधी सांगणे का गरजेचे, तेही लिहिते. सीडी४ फार कमी असेल तर न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया (बुरशीमुळे होणारा फुप्फुसाचा संसर्ग) किंवा टीबी करोनासारखाच दिसू शकतो किंवा करोनासोबतही असू शकतो आणि त्यांचे उपचार वेगळे असतात. सध्याच्या पहिल्या फळीच्या (सुरुवातीला दिल्या जाणाऱ्या) एआरटी गोळीत डोलुटेग्राविर हे औषध असते. तिचे करोनात दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टेरॉईडशी वाकडे नाही. परंतु दुसऱ्या फळीतील (पहिली लागू पडेनाशी झाल्यावरच्या) रिटोनाविर हे औषध रक्तातील स्टेरॉईडचे प्रमाण वाढवते, म्हणून डोस आणि साखर या दोहोंवर लक्ष ठेवावे लागते. त्या काळात वॉर्डावॉर्डांत झिंकच्या गोळ्या सर्रास वाटल्या गेल्या. झिंक, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी डोलुटेग्राविरसोबत रिकाम्या पोटी घेतली, तर डोलुटेग्राविर नीट शोषले जात नाही. एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. राहिली लपवण्याची गोष्ट. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असून, रुग्णाची स्थिती गुप्त ठेवणे त्यानुसार बंधनकारक आहे. गोदाकाठ यांनी केले तसे डॉक्टरांना एकांतात सांगावे. खाटेपाशी मोठ्याने सांगायची गरज नाही.

बालाघाटकर (धारूर)

डॉक्टरसाहेब, ताई, वयाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. आता एकच अडचण उरते: ही माणसे पाच-सहा महिने फडावर असतात, तेव्हा गोळ्या आणि तपासणीचे काय करावे?

एआरटी समुपदेशक

गुरुजी, निघण्याच्या पंधरा दिवस आधी त्यांना एआरटी केंद्रावर पाठवा. प्रकृती स्थिर असलेल्यांना तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या एकदम देता येतात आणि पुढच्यासाठी कारखान्याजवळच्या केंद्राकडे नाव वळवता येते. व्हायरल लोडची वार्षिक तपासणी राहिली असेल तर तीही त्याच फेरीत मोफत होईल. उपचारांची पुस्तिका मात्र मुकादमाच्या पेटीत नको, स्वतःजवळच ठेवायला सांगा.