मदत हवी आहे: गोवर लशीचा नकाशा काढतेय, पण मुंबईत 'शेजार' धरायचा कुठवर?

नमस्कार मंडळी,

पीएसएमची (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) रेसिडेंट आहे. 2022 च्या गोवर साथीत गोवंडीचं नाव रोज पेपरात यायचं तेव्हा मी इंटर्न होते, थिसिसचा विषय तिथूनच डोक्यात बसला. पूर्व उपनगरातली एक वस्ती घेतलीय. कुठल्या मुलाचे गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस झाले, कुणाचा सोळाव्या महिन्यानंतरचा दुसरा डोस राहिला, एवढं हातात आहे.

पत्ते मात्र असे: 'मशिदीमागे, टाकीजवळ, वरचा माळा'. ऑनलाइन नकाशात टाकले तर चाळीसेक मुलं पिनकोडच्या मधोमध एकाच ठिपक्यावर जाऊन बसली. हॉटस्पॉट (डोस राहिलेली मुलं जिथे दाटलीत ती जागा) काढला, लालभडक आला, आणि तोही जिथे कुणी राहतच नाही तिथे! गाईड खूश होते, मलाच सांगावं लागलं की सर, हा खोटा आहे. मग सीएचव्ही (वस्तीतल्या आरोग्य स्वयंसेविका) ताईंबरोबर तीन आठवडे मोबाइल घेऊन फिरले. पत्र्यांच्या गल्लीत जीपीएस पलीकडच्या गल्लीत उडी मारतो ते वेगळंच.

खरी अडचण पुढे आहे. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात 1985 साली कॉलऱ्याच्या तोंडावाटे द्यायच्या लशीची चाचणी झाली होती. 2005 मध्ये मोहम्मद अली आणि सहकाऱ्यांनी तोच डेटा जीआयएसवर (संगणकी नकाशावर) मांडला. आजूबाजूला लसीकरण सर्वांत कमी, तिथे प्लासिबो (लशीऐवजी दिलेला नकली डोस) घेतलेल्यांत हजारी 7.01 जणांना कॉलरा. सर्वांत जास्त, तिथे 1.47. शेजाऱ्यांच्या लशीने न घेतलेलेही वाचत होते. पण तिथे शेजार म्हणजे 'बारी', एका अंगणाभोवतीची घरं. माझ्या वस्तीत बारी कोणती? गल्ली? नळ? 100 मीटरचं वर्तुळ काढलं तर ते नाला ओलांडून जातं, आणि त्या घरांत पोचायला पुलावरून दहा मिनिटांचा वळसा आहे.

कुणी असं काम केलंय का?

नकाशेवाला: सरळ रेषेतलं अंतर सोडा. गल्ल्या, साकव क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने काढा आणि चालायचं अंतर मोजा. सॅटस्कॅन हे हॉटस्पॉट शोधणारं सॉफ्टवेअर एरवी नकाशावर गोल खिडकी फिरवतं, पण कोण कुणाचा शेजारी याची फाइल आपली देता येते. पत्त्यांसाठी प्लस कोड (जागेचा छोटा अक्षर-अंकी पत्ता) बघा, एक चौकोन साधारण 14 मीटरचा. आणि वॉर्डाच्या सरासरीवर थांबू नका हो! वॉर्डात 95 टक्के दिसले तरी एखादी गल्ली निम्म्यावर असू शकते.

निवृत्त परिचारिका: अगं, गोवर हवेतून पसरतो, नळ काय धरतेस? मुलं बालवाडीला, शिकवणीला कुठे जातात ते विचार. दहा बाय दहाच्या खोलीत वीस पोरं बसतात, तोच तुझा शेजार. आणि कार्ड नाही म्हणजे लस नाही असं लिहू नकोस. अर्ध्यांची कार्डं गावी असतात.

धागाकर्ती: शिकवणी! फॉर्ममध्ये तो रकानाच नाही. म्हणजे पुन्हा घरोघर. ताईंना काय तोंड दाखवू आता? नकाशेवाले दादा, सॅटस्कॅनची ती फाइल बघते. अजून एक: छापताना ठिपके थोडे सरकवायचेत, मुलाचं घर ओळखू यायला नको म्हणून. इतक्या दाट वस्तीत किती मीटर सरकवले तर पुरेत? एथिक्स कमिटीसमोर सोमवारी जायचंय.