कात तुकड्यातुकड्यांनी निघाली, डाव्या डोळ्यावर अडकली आहे. काय करू?

गुंडूची ताई:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे एक बॉल पायथन (छोट्या जातीचा अजगर) आहे, अजून वर्षाचा व्हायचाय. नाव गुंडू, कारण जरा घाबरला की डोकं आत खुपसून स्वतःचं गाठोडं करून बसतो. आतापर्यंतच्या काती डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्ख्या निघाल्या होत्या. या वेळी घोळ झालाय. मागच्या आठवड्यात डोळे दुधी झाले, पोट गुलाबीसर दिसायला लागलं, मग डोळे निवळले. म्हटलं, आता सुटेल. सकाळी पाहते तर पेटीभर कपटे! पाठीवर ठिगळं तशीच चिकटलेली, शेपटीच्या टोकाशी कातीचं कडं, आणि डावा डोळा उजव्यापेक्षा मंद. त्यावर सुरकुतल्यासारखंही काहीतरी दिसतंय.

पेटी काचेची आहे, वर जाळीचं झाकण, त्यावर उबेचा दिवा. खाली लाकडाचा कीस. आर्द्रता बघायला गोल काट्याचं मीटर काचेला चिकटवलंय, ते ६० टक्के दाखवतं. म्हणजे आर्द्रता ठीकच म्हणायची ना? शिवाय रोज सकाळी स्प्रे मारते. एका ओळखीच्यांनी सांगितलं की डोळ्यावरचं चिमट्याने अलगद ओढून काढ. माझा हात धजत नाहीये. खाणंही नको म्हणतोय. काय करू?

निवांत:

चिमटा नकोच. थोडं तेल लावून बघा, चोळलं की मऊ पडून निघेल. आम्ही कासवाच्या पाठीला लावतो.

वारूळ:

तेल नको. कासवालाही नको, पण तो विषय वेगळ्या धाग्यावर. तेलाने खवले बुळबुळीत होतात, वर कीस चिकटतो आणि कात आहे तिथेच राहते.

ताई, हात धजत नाहीये ते उत्तम आहे. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला कायमचा बसलेला असतो आणि दर कातीला त्याचाही वरचा थर निघून येतो. त्याला आय कॅप म्हणतात. ती अडकली तर तिच्याखाली नवा खवला असतो आणि त्याच्याखाली थेट बुबुळ. चिमट्याच्या टोकाला जुना थर लागलाय की नवा, हे तुम्हाला कळणार नाही. नवा निघून आला तर डोळा उघडा पडतो आणि गमवावाही लागू शकतो. चिकटपट्टी लावून कॅप उचलायचे व्हिडिओ फिरत असतात, तेही बघून सोडून द्या.

पण मुळात कॅप अडकली आहे का? ते कपटे फेकले नसतील तर त्यातला डोक्याचा तुकडा शोधा, पाण्यात भिजवून हळूहळू उलगडा आणि उजेडासमोर धरा. कात मोज्यासारखी उलटी होत निघते, त्यामुळे आतली बाजू बाहेर आलेली असेल. डोळ्यांच्या जागी पातळ, फुगीर, पारदर्शक चकत्या असायला हव्यात. चकती असेल तर कॅप निघालेली आहे. मग डोळ्यावर दिसतोय तो नुसता खळगा असू शकतो. हवा फार कोरडी असली किंवा अंगात पाणी कमी पडलं की डोळा असा चेपल्यासारखा दिसतो. अशा डोळ्यावर काढण्यासारखं काही नसतंच, आणि नेमका तिथेच लोक चिमटा घालतात. चकतीच्या जागी भोक असेल तर मात्र कॅप सापावर राहिली आहे.

कडं आजच हाती घ्या. शेपटीच्या टोकावरची कात वाळली की आवळत जाते, रक्त पोचत नाही, टोक काळं पडतं आणि गळून जातं. पाठीची ठिगळं त्यामानाने बिनत्रासाची.

जुना सुती टॉवेल कोमट पाण्यात भिजवून पिळून घ्या. पाणी २८ ते ३० अंश, म्हणजे तुमच्या हाताला धड गरमही लागणार नाही इतकंच. गुंडूला त्यात सैल गुंडाळून, भोकं पाडलेल्या झाकणाच्या डब्यात अर्धा तास ठेवा. दिव्याखाली नाही, आणि डबा सोडून कुठे जायचंही नाही. मग ओल्या टॉवेलची सैल मूठ करून त्यातून त्याला सरकू द्या. ओढायचं नाही, तो पुढे जातो आणि कापडाचा खरखरीतपणा कात मागे सोडवतो. दिशा नेहमी डोक्याकडून शेपटीकडे. शेपटीचं टोक आलं की ओल्या कापडातच धरून अंगठ्याने कडं हलकेच फिरवून बघा. सुटलं तर सुटलं, नाहीतर उद्या परत. आज निघालंच पाहिजे म्हणून नख लावू नका.

आता पेटी. कात अडकली की मी सापाकडे जेवढं बघते त्याहून जास्त पेटीकडे बघते. जुन्या कातडीखाली नवी आधी पूर्ण तयार होते, मग दोन्हींच्या मध्ये द्रव झिरपतो आणि त्यावर जुनी सुटी होते. डोळे दुधी दिसतात ते त्या द्रवामुळेच. त्या दिवसांत हवा कोरडी असेल आणि अंगात पाणी कमी असेल तर जुनी कात वाळून जागच्या जागी चिकटते. तुमच्याकडे वर जाळी आणि जाळीवर दिवा, म्हणजे दमटपणा चोवीस तास वर निघून जातोय. सकाळचा स्प्रे फार काळ टिकत नाही. आणि त्या काट्याच्या मीटरवर माझा काडीचाही विश्वास नाही. तपासून बघा: बाटलीच्या टोपणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून नुसतं चिखलासारखं ओलं करा, विरघळवू नका. टोपण आणि मीटर एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मीटर जे काही वेगळं दाखवेल ती त्याची चूक.

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. बाहेर गवत वाळून गेलेलं असलं तरी तो दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून असतो आणि आत हवा दमट असते. पेटीत तेच द्या. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, बाजूला त्याचं अंग जाईल एवढं भोक, भोकाची कड घासून गुळगुळीत केलेली, आत ओलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ. मॉस मुठीत पिळल्यावर पाणी टपकता कामा नये. डबा उबदार आणि थंड बाजूच्या मधोमध ठेवा. जाळीचा बराचसा भाग झाका, दिव्याभोवती मात्र मोकळं सोडा, नाहीतर आग लागेल. लाकडाचा कीस ओला झाला की बुरशी धरतो, म्हणून त्याऐवजी नारळाच्या सोडणाचा चुरा घाला. एरवी आर्द्रता ६० च्या आसपास, कात आली की ७० ते ८०. रंग मंदावला, पोट गुलाबी झालं की लगेच वाढवा, डोळे निवळायची वाट बघू नका.

आता या उत्साहात पेटीचा चिखल करू नका. सतत ओल्यावर पडून राहिला तर पोटाचे खवले कुजतात, आणि कोंदट हवेत छाती धरते. तोंड उघडं टाकून श्वास घेतोय, नाकाशी बुडबुडे येतायत असं दिसलं तर थेट डॉक्टर.

खाण्याचं सोडून द्या. कात आली की बरेच साप खात नाहीत. पूर्ण मोकळा झाला की द्या.

कॉर्नवाला:

वारूळ यांच्याशी सहमत, पण कॉर्न स्नेकला एवढा दमटपणा लागत नाही हेही लिहून ठेवतो, कुणी हा धागा वाचून ७० टक्क्यांवर नेऊन ठेवायचा. माझा ५० वर आरामात अख्खी कात टाकतो. पेटीत एक खडबडीत दगड आणि फांदी आहे, नाक घासायला तेवढं पुरतं. ताई, तुमच्या पेटीत असं काही खरखरीत आहे का?

आणि माइट बघा, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे. साप पाण्याच्या भांड्यात तासन् तास बसून राहतोय का? भांड्याच्या तळाशी काळे ठिपके आहेत का? डोळ्याच्या कडेला, हनुवटीखालच्या खाचेत नीट बघा. पांढऱ्या ओल्या टिश्यूने अंग पुसा. ठिपके चिकटले आणि हलले तर माइट. ते असतील तर आर्द्रता कितीही नीट ठेवली तरी कात बिघडते.

एक शंका: टॉवेलऐवजी सरळ टबात पाण्यात सोडलं तर?

वारूळ:

चालतं, पण मला टॉवेल जास्त आवडतो. पाण्यात बॉल पायथन घाबरतात, आणि घाबरलेला साप भिजण्यापेक्षा निसटण्याच्या मागे लागतो. टबच वापरायचा तर पाणी त्याच्या अंगाच्या जाडीच्या निम्म्यापर्यंत, वीसेक मिनिटं, नजर सतत त्याच्यावर. स्वयंपाकाचं भांडं किंवा सिंक नको, नंतर हात साबणाने धुवा. साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू सापाला काही न होता त्याच्या अंगावर असू शकतो.

माइटचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, बरं झालं लिहिलंत.

गुंडूची ताई:

हे घ्या ताजं. डोक्याचा तुकडा सापडला. उजवीकडे चकती आहे, डावीकडे सरळ भोक. म्हणजे कॅप खरोखरच अडकली आहे. टॉवेलमधून पाठीची ठिगळं पहिल्याच खेपेला निघाली, अक्षरशः कापडालाच चिकटून आली. कडं हटून बसलं होतं, ते दुसऱ्या दिवशी फिरवल्यावर सुटलं. टिश्यू स्वच्छ, माइट नाहीत. खरखरीत काहीच नव्हतं, आता एक फांदी ठेवलीय.

आणि मिठाच्या पिशवीत आमचं मीटर ९० दाखवतंय! म्हणजे मी ६० समजत होते तेव्हा पेटीत ४५ च्या आसपासच असणार. डिजिटल घेतलंय. मॉसचा डबा ठेवल्यापासून साहेब त्यातून बाहेर यायला तयार नाहीत. डोळ्यासाठी आता डॉक्टरकडे नेऊ की थांबू?

वारूळ:

डोळा सुजलेला नसेल, स्राव नसेल, तो डोळा सारखा कशावर घासत नसेल तर थांबा. दमट डब्यात कधीकधी कॅप मधल्या काळात सुटून जाते. नाहीतर पुढच्या कातीबरोबर जुनी-नवी दोन्ही येतात. या वयात पुढची कात महिना-दीड महिन्यात यायला हवी. तेव्हा डोक्याचा तुकडा परत उजेडासमोर धरा. डावीकडे पुन्हा भोकच निघालं तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्यांकडे न्या. थरावर थर साचले की घरी वाट बघण्यात अर्थ नाही. माणसांच्या डोळ्यांचे थेंब मनाने घालू नका.

शेपटी मात्र आज परत बघा. कडं निघालं ते ठीक, पण त्याच्या पुढे अगदी टोकावर कातीचं बारीक टोपण असतं आणि ते कड्याच्या गडबडीत राहून जातं. कपट्यांमध्ये टोकदार शेवट असलेला तुकडा मिळाला का? नसेल तर ओल्या कापडाने टोक धरून एकदा फिरवा, आणि भिंगातून दोन्ही बाजूंनी बघून घ्या.