लेखक गेल्यावर सुतक ‘लागतं’ की ‘धरतात’?
(बोलणाऱ्यांच्या नावाऐवजी ते राहतात ते ठिकाण दिलंय, बहुतेक सोलापुरातलंच.)

विजापूर वेस
आमच्या वाचक मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी टेरी प्रॅचेट या इंग्रज कादंबरीकारावर दोन पानं लिहिली. पहिलंच वाक्य होतं, ‘१२ मार्च २०१५ ला प्रॅचेट गेले आणि मला सुतक लागलं.’ मंडळाचा सगळा मजकूर ज्या ज्येष्ठांच्या नजरेखालून जातो, त्यांनी ‘सुतक लागलं’वर काट मारून ‘अतीव दुःख झालं’ केलं. म्हणाल्या, “सुतक भाऊबंदांचं लागतं. फार तर धरलं म्हण, पण तेही बरं दिसत नाही.”

‘अतीव दुःख झालं’ हे पेपरातल्या शोकसंदेशाचं वाक्य आहे. मला झालं ते तसं नव्हतं. घरात सुतक असताना गोडधोड करत नाहीत, तसं नवीन पुस्तक हातात घेणंच नको वाटायचं. कुणी दुसरा लेखक सुचवला की राग यायचा. ज्या माणसाला मी कधी बघितलं नाही, जो इंग्लंडात राहिला, तो गेला आणि घरातलं कुणी गेल्यासारखं झालं. तर सांगा, ‘लागलं’ चालेल का? आणि सुतक नको, तर मग कुठला शब्द?

होटगी रोड
ताई, त्यांनी काट मारली ती योग्यच. सुतक म्हणजे दुःख नव्हे, अशौच. ज्या चुलतचुलत्याचं वर्षानुवर्षं तोंड बघितलं नाही, तो गेला तरी सुतक येतं. जिवाभावाचा मित्र गेला तर येत नाही. देवाला शिवायचं नाही, देवळात जायचं नाही, ठरलेल्या दिवशी फिटतं. ह्यात मनाचा संबंध कुठे आला? शोक आहे, हळहळ आहे, चुटपुट आहे, रुखरुख आहे. हे सगळं असताना विधीचा शब्द भावनेला लावू नये.

रेल्वे लाइन्स
काका, तुमचे शब्द एकेक करून बघू. हळहळ अनोळखी माणसाच्या अपघाताची बातमी वाचूनही वाटते. चुटपुट एखादी गोष्ट करायची राहून गेल्याची. रुखरुख तीच, फक्त जास्त टिकणारी. शोक बोलण्यात येत नाही, पत्रिकेत येतो. एकही जागेवर बसत नाही.

आणि ‘त्याला कशाचं सोयरसुतक नाही’ असं आपण रोज म्हणतो. तिथे सुतकाचा अर्थ अशौच आहे का? आस्था, जिव्हाळा असाच आहे ना? म्हणजे विधीतून मनाकडे हा शब्द कधीचाच आलाय. ताईंनी तो होकारात वापरला, एवढंच.

होटगी रोड
काही वाक्प्रचार नकारातच जगतात. ‘त्याची डाळ शिजली नाही’ ह्याला अर्थ आहे. ‘डाळ शिजली’ म्हटलं की नुसता स्वयंपाक उरतो. शिवाय सोयर म्हणजे सोयरीक असं पुष्कळांना वाटतं, तेही बरोबर नाही. सोयर जन्माचं, सुतक मरणाचं. संस्कृतात तर सूतक मुळात जन्माचंच, ‘सूत’ म्हणजे जन्मलेला. मराठीत ते मरणाकडे सरकलं.

रेल्वे लाइन्स
जन्माचा शब्द मरणाकडे सरकला तो चालला, आणि मरणातून दुःखाकडे सरकला तर चालत नाही?

अशोक चौक
आमच्या घरी तेलुगू बोलतात, तिकडे ह्याला ‘मैल’ म्हणतात. मराठीतल्या ‘मळ’ची बहीणच असणार. त्यामुळे सुतक म्हटलं की मला आधी शिवाशिव आठवते.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. मी प्रॅचेट वाचायला लागलो २०१९ मध्ये. पहिलं पुस्तक संपवलं, आवडलं म्हणून लेखकाची माहिती काढली, तर नावापुढे दोन सालं. १९४८ आणि २०१५. आत्ता ओळख झाली आणि माणूस आधीच गेलेला. कॉलेजात कुणाला सांगणार? सगळे म्हणाले, चार वर्षं झाली की त्याला. मला जे झालं त्याला काय म्हणायचं?

होटगी रोड
शास्त्रात ह्याचा विचार आहे. अतिक्रांत अशौच म्हणतात. दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेले दिवस पाळायचे. नंतर कळलं तर कमी. वर्ष उलटून कळलं तर नुसतं स्नान.

अशोक चौक
नुसत्या अंघोळीनं नाही गेलं ओ काका ते.

बाळे
आम्हा लिंगायतांत तर सुतकच नाही. जनन, मरण, रज, उच्छिष्ट, जाती ही पाचही सूतकं बसवण्णांनी नाकारली. सोलापुरात, सिद्धरामेश्वरांच्या गावात हे सांगायला लागू नये, पण सांगतो. माणूस मरत नाही, लिंगैक्य होतो. आजोबा गेले तेव्हा घरातली लिंगपूजा एक दिवस थांबली नाही. रडलो मात्र सगळे. म्हणजे दुःख आणि सुतक वेगळं, इथपर्यंत मी होटगी रोडच्या काकांच्या बाजूने. पण ते शब्द जपायला बघतात आणि मला तो नकोच आहे. ‘दुखवटा’ काय वाईट आहे?

अक्कलकोट, हल्ली पुणे
दुखवटा आता सरकारी झालाय. लताबाई गेल्या तेव्हा, फेब्रुवारी २०२२ मध्ये, दोन दिवस राष्ट्रीय दुखवटा होता, झेंडे अर्ध्यावर. पण माझ्या आईच्या माहेरी दुखवटा म्हणजे पाहुण्यांनी कपडे घेऊन यायचं. शेजारचे कडू घास आणतात, पिठलं-भाकरी. चूल पेटलेली नसते आणि कुणीतरी ताटाशी बसवून, पाठीवर हात ठेवून म्हणतं, खा दोन घास.

वाचकाच्या दारात कोण येतं? भयकथा लिहिणारे नारायण धारप २००८ मध्ये गेले. लहानपणी अंथरुणात पांघरूण डोक्यावरून घेऊन ज्यांना वाचलं, ते गेले. मी त्या दिवशी ऑफिसात गेलो, डबा खाल्ला, कुणाला काही बोललो नाही. बोललो असतो तर काय म्हणालो असतो? मला वाटतं शब्द नाही तो ह्यामुळेच. जिथे कुणी भेटायला येत नाही, तिथे भाषेनं शब्द कशाला केला असता?

विजापूर वेस
मला ‘सुतक’ का हवंय ते तुम्ही सांगितलंत. सुतक असलं की आपण काही बोलायच्या आधी गल्लीला कळलेलं असतं. ह्या बाईला आज हळदीकुंकवाला बोलावू नका, तिच्या घरी असं असं झालंय. मला ते हवं होतं. आणि ‘लागलं’च हवं, कारण मी धरलेलं नाही. धरणं आपल्या हातात असतं.

डिसेंबर २००७ मध्ये प्रॅचेटनी स्वतःच जाहीर केलं होतं, अल्झायमरचा एक विरळा प्रकार झालाय म्हणून. टायपिंग जमेना तेव्हा तोंडी सांगून लिहिलं. पुढे काय होणार हे वर्षानुवर्षं माहीत होतं, तरी बातमी आली तेव्हा बसायलाच लागलं. त्यांच्या पुस्तकांतल्या जगात दूर निरोप धाडायचे मनोरे आहेत. तिथे मेलेल्या सोबत्याचं नाव ह्या मनोऱ्यावरून त्या मनोऱ्यावर सारखं फिरत ठेवतात. ते गेल्यावर वाचकांनी आपापल्या वेबसाइटींच्या न दिसणाऱ्या ओळींत त्यांचं नाव तसंच फिरतं ठेवलं. अजून फिरतंय. हे दुखवट्यालाच येणं झालं की. आणि अपुरं लिखाण असलेली हार्ड डिस्क त्यांच्या इच्छेप्रमाणे २०१७ मध्ये स्टीमरोलरखाली चिरडली.

शेवटचं पुस्तक ते गेल्यावर, त्याच ऑगस्टमध्ये आलं. माझ्याकडे आहे, वाचलेलं नाही. म्हणून माझं सुतक फिटलेलं नाही.

रेल्वे लाइन्स
‘फिटणं’ बघा! ऋण फिटतं, पांग फिटतात, सुतक फिटतं. हा सगळा देण्याघेण्याचा मामला आहे. लेखकाचं देणं डोक्यावर आहे, म्हणून सुतक. ह्याहून योग्य शब्द मिळणार नाही.

होटगी रोड
अंधारही फिटतो आणि संशयही फिटतो. त्यात कुणाचं देणं?

आणि ताई, तुम्ही पुढे ‘फँटसी लेखक’ लिहिलं असणार. ‘अद्भुतरम्य’ आपल्याकडे आहे. हळब्यांची ‘मुक्तामाला’ ही कादंबरी १८६१ ची, तिला हाच शब्द लावतात.

बाळे
अद्भुतरम्य म्हटलं की राजकन्या आणि भुयार. प्रॅचेटच्या शहरात पोस्टखातं आहे, टांकसाळ आहे, छापखाना आहे, पहारेकऱ्यांची चौकी आहे. फँटसीच लिहा. कासवाच्या पाठीवर चार हत्ती आणि त्यांच्यावर थाळीसारखी पृथ्वी, एवढं सांगितलं तरी आपली पोरं ओळखतील. कूर्म आणि दिग्गज त्यांना आजीकडून माहीत असतात.

अशोक चौक
माझ्या धाकट्या बहिणीला द्यायचंय, पण तिला मराठीतच वाचायला आवडतं. मी एक प्रकरण करून बघायचं म्हणतोय. कुठलं घेऊ?

विजापूर वेस
पहिल्या दोन पुस्तकांपासून नको. ज्यांत मृत्यू हे पात्र आहे त्यांतलं घे. विळा घेतलेला सांगाडा, मांजरं आवडणारा.

अशोक चौक
तिथेच अडलोय. तो सगळं मोठ्या लिपीत बोलतो, इंग्रजी कॅपिटलमध्ये. देवनागरीत मोठी अक्षरं कुठून आणू? ठळक टाइप केला तर मृत्यू जाहिरातीसारखा बोलतो.

रेल्वे लाइन्स
त्याच्या बोलण्यावरची शिरोरेघ काढून टाक. गुजरातीसारखं दिसेल, पण आवाज वेगळा आहे हे कळेल.

होटगी रोड
शिरोरेघ काढली तर भ आणि म, घ आणि ध कसे ओळखायचे? त्यापेक्षा त्याला जुनी मराठी बोलू दे. ‘म्हणौनि’, ‘तऱ्ही’. आणि नाव मृत्यूच ठेव, यम नको. यमाला रेडा आहे, पाश आहे, स्वतःच्या कथा आहेत.

अशोक चौक
बहिणीला ‘म्हणौनि’ कळणार नाही काका. ती सातवीत आहे.