तीळ बघताय, कंबरही बघा

त्वचेचा कॅन्सर ओळखायला तिळाचा रंग, वेडीवाकडी कड, ६ मिमीपेक्षा मोठं माप बघा, असं नेहमी सांगतात; बरोबरच आहे. पण आपल्याकडे तेवढ्यानं भागत नाही. परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधली की कंबरेवर काळा, खरखरीत पट्टा पडतो. माझ्या आईलाही आहे. नुसता पट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे. त्यात महिनाभर न भरणारी, जाड कडांची, हात लागताच रक्त येणारी जखम दिसली तर मात्र हळद चोपडत बसू नका, डॉक्टरांकडे जाऊन जखमेचा तुकडा तपासायला द्या. पॅथॉलॉजिस्ट डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्येच 'धोतर कॅन्सर', म्हणजे घट्ट धोतरामुळे कंबरेवर होणारा त्वचेचा कॅन्सर, नोंदवला होता. (तळपाय आणि नखाखालची नवी काळी रेघही बघा. गायक बॉब मार्लेचा मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, पायाच्या नखाखालीच होता.) आईला नाडीऐवजी रुंद पट्टा शिवून दिलाय. म्हणते, "निऱ्या बसत नाहीत!"