क्षेत्र घटलं म्हणजे ताग संपला असं नाही

पश्चिम बंगालमधलं तागाचं, म्हणजे ज्यूटचं, क्षेत्र घटतंय, म्हणजे पीक संपत चाललंय, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. नुसतं क्षेत्र पाहिलं तर चित्र अर्धंच दिसतं.

१९४७ ला गिरण्या हुगळीकाठी आपल्याकडे राहिल्या आणि तागाची बहुतेक शेतं पूर्व बंगालात, म्हणजे पाकिस्तानात, गेली. १९४९ मध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्ताननं केलं नाही, त्यामुळे तिकडचा ताग आपल्याला महागला आणि कच्च्या मालाचा व्यापारच अडला. मग पश्चिम बंगाल, आसाम, बिहारमध्ये लागवड झपाट्यानं वाढवली गेली, कितीतरी ठिकाणी भाताच्या जमिनीवर. त्यानंतर दर हेक्टरी उत्पादन दुपटीहून जास्त झालंय. त्यात जेआरओ ५२४, म्हणजे 'नवीन', या वाणाचा मोठा वाटा आहे.

मागणी टिकली ती १९८७ च्या कायद्यामुळे. त्या कायद्यानं धान्य आणि साखरेसाठी बारदान, म्हणजे तागाच्या गोण्या, सक्तीचं केलं नसतं, तर प्लास्टिकच्या गोण्यांनी तागाला केव्हाच बाजूला सारलं असतं.

खरी अडचण मला पाण्यात दिसते. धागा सुटावा म्हणून कापलेला ताग संथ पाण्यात दोनेक आठवडे कुजवावा लागतो. तळी बुजली, पाऊस उशिरा आला, की त्याच गढूळ पाण्यात पुन्हा पुन्हा कुजवतात. धागा काळपट पडतो, प्रत उतरते आणि भाव पडतो. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून धागा सोडवणाऱ्या माणसाला एवढे कष्ट करून काय मिळतं, हे उत्पादनाच्या आकड्यांत कुठेच दिसत नाही.

आणि हो, महाराष्ट्रात हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग वेगळा. दोन्हींचे आकडे एकत्र करू नका.