मूत्राशयाचा कर्करोग, चौथा टप्पा: वडिलांच्या केमोविषयी सल्ला हवा आहे

निशिगंध: वडील ७१ वर्षांचे असून आजार फुप्फुसापर्यंत पोहोचला आहे. रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे थकली की हा आकडा वाढतो) १.९ असल्यामुळे सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध झेपणार नाही, कार्बोप्लॅटिन आणि जेमसिटाबिन द्यावे लागेल, असे मिरजेच्या डॉक्टरांचे मत आहे. आमच्याकडे एकूण चार लाख रुपये आहेत. मुंबईला न्यावे का, आणि हाती किती काळ आहे, हे कृपया स्पष्ट सांगावे.

वाटसरू: माझ्या सासऱ्यांना सिस्प्लॅटिनच दिले होते आणि गाठ निम्मी झाली. कार्बोप्लॅटिनवर समाधान मानू नका, थेट परळला टाटा रुग्णालयात न्या.

पाऊलवाट: आता केवळ केमोवर थांबू नये. एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब या नव्या औषधांच्या जोडीवर २०२३ साली जाहीर झालेल्या चाचणीत निम्मे रुग्ण ३१.५ महिन्यांहून अधिक जगले, तर केमो घेणाऱ्यांत हाच आकडा १६.१ महिने होता. आम्ही भावासाठी शेत विकून ही औषधे घेतली आणि त्याचा पश्चात्ताप नाही.

मधुमालती: गव्हांकुरांचा ताजा रस रोज द्या, आमच्या आत्याबाईंना त्यानेच भूक लागू लागली.

दीपस्तंभ: ताई, केमोत पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा घरचा कच्चा रस देऊ नये; माझ्या वडिलांना अशाच जंतुसंसर्गाने सहा दिवस रुग्णालयात ठेवावे लागले होते. निशिगंध, सोनोग्राफीत मूत्रपिंड फुगलेले दिसते का, हे आधी पाहा. माझ्या वडिलांची मूत्रवाहिनी गाठीने दाबली गेली होती. पाठीतून नळी घातल्यावर पिशवीत पहिल्या दिवशी लालसर आणि चौथ्या दिवशी स्वच्छ लघवी येऊ लागली, क्रिएटिनिन २.४ वरून १.३ वर आले आणि मग सिस्प्लॅटिन देता आले. त्यासाठी क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडांचा रक्त गाळण्याचा वेग, मिनिटाला साधारण ६० मिलिलिटर लागतो.

वाटसरू: मी तेच म्हणत होतो, सिस्प्लॅटिनच हवे.

निशिगंध: सर्वांची मनापासून आभारी आहे. सोनोग्राफीत अडथळा नाही. मधुमेहाने दोन्ही मूत्रपिंडे थकलेली आहेत. अशा रुग्णांच्या जुन्या चाचणीत कार्बोप्लॅटिनवर निम्मे रुग्ण नऊ महिन्यांच्या पुढे गेले, असे डॉक्टरांनी समोर बसवून सांगितले, आणि तेही वडिलांच्या देखत. वडील म्हणाले, "घरून जाऊन येता येईल तिथेच औषध घेईन, शेत विकू देणार नाही." महात्मा फुले योजनेची मंजुरी आली आहे. गुरुवारी मिरजेतच पहिला डोस आहे.